पाकटाचं पिल्लू

परवा मासळीबाजारात खूप दिवसांनी एक लहान पाकट दिसलं आणि लक्ष्मीकाकू आठवल्या. अभ्यासासाठी मी कोकणात होते तेव्हा त्या बंदरावर मासे विकायच्या आणि माझ्यासाठी रोज पाकटं बाजूला ठेवायच्या. हा चपटा, लांब शेपटीचा मासा अंडी घालत नाही. मादीला एका वेळी दोन-तीनच पिल्लं होतात. नेमकी किती, हेच मला शोधायचं होतं.

एका सकाळी मी एका मादीचं पोट चिरलं. आत तळहाताएवढी दोन पिल्लं होती, आणि एक अजून पंख हलवत होतं.

"सोड गं पोरी पाण्यात. जगेल कदाचित," काकू म्हणाल्या.

समुद्र दहा पावलांवर होता. पण इतकं पूर्ण वाढलेलं पिल्लू मला तोवर मिळालं नव्हतं. मी ते नमुने टिकवायच्या फॉर्मलिनच्या बरणीत टाकलं. त्याची हालचाल थांबेपर्यंत काकू तिथेच उभ्या राहिल्या.

ज्या जिवाला दोन-तीनच पिल्लं होतात, त्याचं एक मी माहितीसाठी ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी मला फक्त नर दिले. मी विचारलं, तर म्हणाल्या, "माद्या नाही आल्या आज."

त्यांच्या मागची टोपली ओल्या गोणपाटाने झाकलेली होती. मी ते उचलून पाहिलं नाही.