हळदीला पाठवणीचं गाणं

शुक्रवारी संध्याकाळी भुईगावला नात्यातल्या एका मुलीची हळद होती. मी मांडवात खुर्चीवर बसलो होतो, पण जीव सगळा बायकांच्या हातातल्या मोबाईलवर...

आमच्या समाजाच्या लग्नगाण्यांची वेबसाईट मी नऊ वर्षं सांभाळतोय. शिक्षण सातवी, सगळा जन्म होळी गावातल्या केळीच्या वाडीत गेला, पण चौसष्ट गाणी एका बोटाने टाईप केलीत. जुन्या गाणाऱ्या कमी झाल्या, आता बायका मोबाईलवर बघून गातात.

साईट ज्या सिस्टीमवर चालायची ती जुनी झाली, बंद होणार होती. म्हणून सगळं नव्या सिस्टीमवर न्यायचं ठरलं. काम करणार गोखिवऱ्याच्या शिल्पा मॅडम, आणि त्यांच्या डोक्यावर बसणार मी.

महिनाभर मला नीट झोप नाही. दोन पेनड्राइव्हवर बॅकअप घेतला, तरी धीर धरवेना, म्हणून सगळी गाणी वहीतही उतरवली. मॅडम हसायच्या, "काका, वेबसाईट हलवतोय, घर नाही!"

पण मी ऐकतो कसला... नव्या साईटवर एकेक गाणं शोधून उघडलं, वहीशी ताडून पाहिलं आणि टिक केली. चौसष्टच्या चौसष्ट! सोमवारी साईट सुरू झाली आणि मी छाती पुढे काढून फिरायला लागलो.

तर हळद. मुलीच्या वडिलांना डीजे हवा होता, स्पीकर लागलेही होते. आईचं म्हणणं, आधी आपली गाणी होऊ देत, मग काय ते वाजवा.

जात्यावर हळद दळायला घेतली, पहिलं गाणं झक्क झालं. बायकांनी 'पुढचं गाणं' बटण दाबलं, चाल धरली, दोन ओळी म्हटल्या... आणि मुलीच्या आईने पदर डोळ्यांना लावला.

ते पाठवणीचं गाणं होतं.

मथुराकाकू आमच्यातली सगळ्यात जुनी गाणारी. वय ब्याऐंशी, आता गायला आवाज उरलेला नाही. तिने जात्यावर हात आपटला. "अगं थांबा गं! पोरीला हळद लागली नाय अजून, आनि तुम्ही तिला घालवता कुठं?"

सगळा मांडव हसला. मी नाही. मुलीचे वडील माझ्याजवळ येऊन म्हणाले, "दादा, राहू दे आता. डीजेवाला कधीचा थांबलाय."

आज इथे ही गाणी थांबली तर पुढच्या लग्नात कोणी साईट उघडणारही नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. "दहा मिनिटं द्या," म्हटलं आणि मॅडमना फोन लावला.

त्यांनी बघून सांगितलं... गाणी सगळी आलीत, फक्त क्रम आला नाही. कारण तो कुठे लिहिलेलाच नव्हता. जुन्या साईटवर मी ज्या क्रमाने टाकली तशी ती दिसायची. नवी साईट पहिल्या ओळीच्या अक्षरावरून लावते. "काका, प्रत्येक गाण्याला नंबर द्यायची जागा आहे. ती रिकामी आहे, तेवढी भरा."

मी चौसष्ट वेळा तपासलं, पण ते 'पुढचं गाणं' बटण काही एकदाही दाबलं नव्हतं. आणि वही घरी!

मग काकूच्या शेजारीच मांडी घातली. हळदीची गाणी चौदा. ती सांगत गेली, मी मोबाईलवर नंबर टाकत गेलो. भीती कुठच्या कुठे पळाली. नववं झाल्यावर मीच म्हटलं, "आता मामाचं."

"मामाचं कुठलं? आधी आत्याचं."

"काकू, साईटवर नऊ वर्षं मामाचंच आधी आहे."

"मग नऊ वर्षं चुकतंय तुझं."

"अगं, मग बोलली का नाहीस? प्रत्येक हळदीला तर असतेस!"

"मला वाटलं, आता तुमची तशी पद्धत असंल. मला कोनी विचारलं?"

दहावं आत्याचं केलं, अकरावं मामाचं, पुढची तीन तिने सांगितली तशी लावली आणि सेव्ह दाबलं. चौदाही गाणी ओळीने झाली. आत्याचं गाणं लागलं तेव्हा मुलीची आत्या हळदीची वाटी घेऊन स्वतःहून पुढे आली, कोणी ढकलायला लागलं नाही. डीजे नंतर वाजला, चांगला वाजला.

उरलेल्या पन्नास गाण्यांसाठी आता मी रोज दुपारी काकूच्या ओटीवर जातो. शिल्पा मॅडमचे मनापासून आभार, ती रिकामी जागा त्यांनी दाखवली. क्रम लिहायला जागा मिळाली तेव्हा तो सांगणारी अजून आमच्यात आहे... हे अगदी वेळेवर झालं.