पुलियावर आडवी सायकल

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. ह्रस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नाही, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. त्यानंतर हातात लाटणं जास्त, पेन्सिल कमी. तेव्हा चुका होतील, त्याची माफी असावी. माफी कोणाची मागते आहे ते मलाही ठाऊक नाही, कारण हे कोणाला दाखवायचं नाहीच.

लिहायला बसले ते सूनबाईमुळे. तिनं नवी स्कूटर घेतली आहे. काल संध्याकाळी गुडघा खरचटून घरी आली. मागून मिनीबस अगदी अंगावर आली, हॉर्न वाजवत राहिली, म्हणून घाबरून हिनं स्कूटर कडेला घेतली आणि नालीत गेली. मुलगा म्हणाला, "तूच रेंगाळत असशील. मागच्याला जाऊ द्यायचं असतं." ती खाली मान घालून बसली. मला बोलायचं होतं, पण चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, या वयातही नाही. मी हळद गरम करून दिली आणि आत आले. बोलायचं राहिलं ते इथे लिहिते.

एकाहत्तरच्या लढाईच्या आधीपासूनच आमच्या जबलपूरच्या लष्करी सामानाच्या फॅक्टऱ्यांमध्ये कामाची गर्दी झाली होती. आमचे हे लेथवर होते. बारा-बारा तासांची पाळी असायची. यांच्याबरोबर वऱ्हाडातून आलेले एकटे पुरुष होते, बायकापोरं गावी आणि इथे एका खोलीत चार-पाच जण. कँटीनची पातळ डाळ खाऊन त्यांची तोंडं कडू झालेली. एकदा यांच्या डब्यातली ज्वारीची भाकर आणि झुणका त्यांनी चाखला, आणि दुसऱ्या दिवसापासून माझे डबे सुरू झाले. आधी दोन, मग वाढत वाढत डझनभर.

ते फाटकापर्यंत न्यायचे कोणी? हे म्हणाले, "मी कारीगर माणूस. सायकलला डबे लटकवून जाऊ काय?" त्यांची सायकल त्यांनाच लागे. मला दुसरी हवी होती.

यांची थोरली बहीण नेपियर टाउनात राहायची, खाऊनपिऊन सुखी. तिनं पैसे दिले, पण अट घालून. "घरची सून डबे लटकवून फॅक्टरीच्या फाटकावर उभी राहणार, म्हणजे आमची शोभाच व्हायची. बरं, घे. जमेल तसे फेड. पण फिटायच्या आत डबे बंद केलेस, तर सायकल माझ्या दारात आणून लावायची. माझ्या पोराच्या कामी येईल." मी हो म्हटलं. नणंदेसमोर मी कायम हो म्हणत असे.

सायकल जुनी होती, गोहलपुरातल्या एका मिस्त्रीनं ठीकठाक करून दिलेली. पण माझी होती. घरातली भांडी सासूबाईंची, खाट यांची, पेटी माहेरच्या आईची. माझी म्हणावी अशी ती पहिलीच वस्तू. मोहल्ल्याच्या मागच्या मैदानात पहाटे पडत-झडत चालवायला शिकले.

आमच्या मोहल्ल्यापासून फाटकापर्यंतचा रस्ता अरुंद होता, दोन्ही कडांना मुरूम. मधे एक नाला आणि त्यावर पुलिया. तिथे मुरूमही नाही, गुडघाभर उंचीचा कठडा आणि खाली पाणी. पाळीचा दुसरा भोंगा वाजायच्या आत डबे हातात पडले नाहीत तर फाटक बंद होई, आणि कँटीनमधलं नाव त्यांनी काढून टाकलेलं, म्हणून ती माणसं बारा तास उपाशी राहत. म्हणून मला घाई असे, आणि माझ्याहून जास्त घाई मागच्या ट्रकांना. लोखंड, लाकूड, कोळसा, सगळं फॅक्टरीकडेच चाललेलं. ट्रक इतका जवळ येई की इंजिनाची ऊब पाठीला लागे. मी मागे वळून बघत नसे. परक्या पुरुषाच्या तोंडाकडे बघायचं कसं, अशी आमची समज. मी नुसते जोरात पाय मारी. जितके जोरात मारी तितका तो आणखी जवळ येई. शेवटी मुरमात उतरायचं, डबे सांभाळायचे, धूळ खायची आणि पुन्हा चढायचं. रोजचंच होतं ते.

थंडीत लढाई सुरू झाली तशी विमानहल्ल्याच्या भीतीनं रात्रीचे सगळे दिवे बंद झाले. सकाळच्या पाळीच्या वेळी गडद अंधारच असे. मोटारींच्या दिव्यांना अर्ध्यावर काळा रंग लावायचा आणि सायकलींच्या मागच्या मडगार्डवर पांढरा पट्टा ओढायचा, असा हुकूम निघाला. बाकीच्यांनी बोटभर पट्टे ओढले. माझ्याकडे भिंतीला लावून उरलेला चुना होता. वाया कशाला घालवायचा, म्हणून मी मडगार्ड आख्खं माखून काढलं, वर कॅरियरलाही लावला.

तेव्हापासून एक ट्रक माझ्या मागेच लागला. फॅक्टरीतल्या मालाच्या पेट्यांसाठी लाकडाच्या फळ्या नेणारा होता तो. त्याचं इंजिन म्हाताऱ्या माणसासारखं खोकायचं, त्यावरून मी ओळखायची. वळणावर मी दिसले की मागे येई आणि फाटकापर्यंत सोडत नसे. मी मुरमात उतरले तर बाकीचे ट्रक निघून जात. हा जात नसे. हाही हळू होई, थांबे, मी रस्त्यावर चढले की परत मागे. वर सारखा भोंपू.

ही गोष्ट लपणारी नव्हती. नळावर बायका कुजबुजू लागल्या. एकीनं तोंडावर विचारलं, "काय वं, तो ट्रकवाला तुझ्या मागं मागं काहून येते?" मी घागर उचलून घरी आले. यांच्याही कानावर गेलं.

"बंद कर ते डबे," हे म्हणाले. "लोक बोलून राहिले."

"सायकल द्यावी लागेल."

"मग देऊन टाक."

दुसऱ्या दिवशी मी डबे घेऊन गेलेच.

त्याच दिवशी पुलियावर त्याच्या ट्रकचा पुढचा लोखंडी पट्टा माझ्या कॅरियरला लागला. जोरात नाही, कोणी पाठीवर टपली मारावी एवढाच. पण सायकल कठड्यावर गेली, कोपर सोललं, आणि दोन डबे नाल्यात गेले. पाण्यात पडताना झाकण उघडल्याचा आवाज मला आला. ट्रक मागे उभा होता. आतून कोणी ओरडलं, "अरे, चलो बाई, चलो!" मी उठले आणि खरंच चालू लागले. फाटकावर दोन माणसं रिकाम्या हातांनी आत गेली. त्यातला एक म्हातारा होता. तो म्हणाला, "असू दे पोरी, आज एकादशी समजू." एकादशी नव्हती.

संध्याकाळी नणंदेचा निरोप आलाच. मी पडल्याचं तिथवर कोणी पोचवलं देव जाणे. सायकल कधी आणून लावतेस, असं तिनं विचारलं होतं. हे म्हणाले, रविवारी नेऊन देऊ. मी भाकरी थापत होते. थापताना कोपर ठणकत होतं. मनात म्हटलं, माझं काय चुकलं? मी माझ्या बाजूनं, माझ्या पायांनी चालले होते. धडकणारा मोकळा, नि सायकल मी द्यायची?

दुसऱ्या दिवशी वळणावर खोकला ऐकू आला. मी पाय जोरात मारले नाहीत. हळू केले. रस्त्याच्या मधोमध आले आणि चालत्या माणसाच्या गतीनं चालले. भोंपू वाजत राहिला. मुरूम गेला, पुलिया आली. पुलियाच्या बरोबर मधे मी उतरले, सायकल आडवी लावली आणि तिच्या मागे उभी राहिले. पदर डोक्यावर होता, तो तसाच ठेवला.

ट्रक करकचून थांबला. त्याच्या मागे दुसरा थांबला, मग तिसरा. त्यांच्या मागून पाळीची सायकलवाली माणसं येत होती, तीही अडकली. अंधारात घंट्याच घंट्या. आपली सायकल मागेच टाकून हे गर्दीतून पुढे आले.

"काहून तमाशा करून राहिली? हट बाजूला."

"नाही हटत."

इतक्या माणसांदेखत मी यांना प्रथमच नाही म्हटलं.

ड्रायव्हर खाली उतरला. मफलर गुंडाळलेला, पिकलेल्या मिशांचा माणूस. त्याचं तोंड मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. डोळे जागरणानं सुजलेले.

"मरना है क्या बाई?"

"रोज पीछे क्यों लगता है?" माझी हिंदी तेव्हा धड नव्हती, पण तेवढं आलं.

"लगूँगा नहीं तो चलूँगा कैसे?" त्यानं आपल्या दिव्याकडे हात केला. काळा रंग अर्ध्यावर नाही, पाऊण काचेवर फासला होता. खालून काजव्याएवढा उजेड येत होता. "इसमें क्या दिखता है? तुम्हारा वो सफेद दिखता है, तो मालूम पड़ता है कि आगे सड़क है. तुम उतर जाती हो तो मैं अंधा हो जाता हूँ."

मागून कोणी ओरडलं, "लो भैया! भाभीजी तो ट्रक की लालटेन निकलीं!" पुलियाभर हशा पिकला. हेही हसले. नळावरची कुजबुज त्या हसण्यातच संपली, आणि मलाही बरं वाटलं हे खोटं कशाला सांगू. त्याची नजर वाईट नव्हती. चूक माझ्या चुन्याची होती. आता मीही हसून बाजूला होईन असं सगळ्यांना वाटलं.

पण माझे डबे नाल्यातच गेले होते. कोपर अजून दुखत होतं.

मी म्हटलं, "लालटेन हाथ में पकड़ते हैं. उसके ऊपर चढ़ते नहीं."

हसू थांबलं.

"एक ट्रक की जगह छोड़ो. उतने से भी सफेद दिखता है. और भोंपू नहीं बजाना."

"और नहीं छोड़ी तो?"

मी पदराचं टोक पाण्याच्या बाटलीतून भिजवलं, वाकले आणि मडगार्डवरचा चुना पुसायला लागले. तळहाताएवढी जागा काळी झाली.

"अरे, अरे! क्या करती हो!"

तेवढ्यात पहिला भोंगा झाला. दुसरा झाला की फाटक बंद आणि अर्ध्या दिवसाचा पगार गेला. सायकलवाले ओरडू लागले. काही मला, काही त्याला. हे कळवळून म्हणाले, "अवं, माझा अर्धा दिवस कापतील ना!"

"कापू द्या," मी म्हटलं आणि आणखी थोडा चुना पुसला.

ड्रायव्हरनं मफलर सोडला, परत गुंडाळला. "अच्छा, चलो. मान लिया."

"सबको सुनाके बोलो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मागे वळून आवाज चढवला, "बाई के पीछे एक ट्रक की जगह! भोंपू कोई नहीं बजाएगा!"

तेव्हा मी सायकल सरळ केली आणि निघाले, माझ्याच गतीनं. उशीर झाला होता तरी पाय जोरात मारले नाहीत. मागे खोकणारं इंजिन, पण ऊब पाठीला लागत नव्हती. डबे सगळे पोचले. हे मात्र शेवटच्या घोळक्यात अडकले आणि यांचा अर्धा दिवस कापला गेलाच. घरी येऊन तोंड फिरवूनच जेवले. रविवार आला. मी कणीक मळत होते. सायकल नेऊन देण्याचं नाव यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. सोमवारी मी मडगार्डवरचं पुसलेलं चुन्यानं पुन्हा भरून काढलं. शब्द त्यानं पाळला होता, मी कसा मोडू?

लढाई संपली. दिव्यांवरचा रंग खरवडला गेला, माझं मडगार्ड मी धुतलं. मग एका सकाळी तो फळ्यांचा ट्रक पहिल्यांदाच मला ओलांडून पुढे गेला, चांगला लांबून वळसा घालून. त्यानं खिडकीतून हात वर केला. मी मान खालीच ठेवली, पण ओठांत हसले.

मागे लागणारे त्यानंतरही होतेच. कोणा ठेकेदाराची जीप होती. तिला दिवे होते, दिवस उजाडलेला होता, रस्ता मोकळा होता, तरी ती कॅरियरला चिकटायची. मी माझ्या करंड्याचा छोटा आरसा सुतळीनं हँडलला बांधला. मागे वळायची लाज नाही, आणि मागचा किती जवळ आहे तेही दिसे. जवळ आला की मी हळू होई. तो भोंपू वाजवी, मी आणखी हळू. एकदा जीपवाला शेजारून जाताना ओरडला, "सड़क तेरे बाप की है?" मी गती वाढवली नाही.

सूनबाईला मला हेच सांगायचं होतं. मागचा अडचणीत आहे की माजलेला, हे पुढच्याला कळायला मार्ग नसतो. पण घाबरून पळू नये आणि नालीत तर मुळीच जाऊ नये. रस्ता जेवढा त्याचा तेवढाच आपला. आपण हळू व्हावं. धडकायला त्यालाही भीती वाटते. वाट द्यायची तर जागा बघून, आपल्या मर्जीनं द्यावी.

डबे पुढेही चालले. नणंदेचे पैसे थोडे थोडे करत मी फेडत आणले होते. शेवटचे उरले ते द्यायला सायकलवरच नेपियर टाउनात गेले. बाजाराच्या रस्त्याला एक टेम्पो मागे लागला. तिच्या दारापर्यंत भोंपू वाजवत आला, मी माझ्या गतीनं आले. नणंद आवाज ऐकून ओट्यावर येऊन उभी होती.

"केवढा बोंबलून राहिला तो! तुला ऐकू येत नाही काय?"

"येते ना," मी म्हटलं. सायकल स्टँडवर लावली आणि कमरेचे पैसे काढून तिच्या हातावर ठेवले. तिनं सायकलीकडे एकदा पाहिलं, बोट जिभेला लावून नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"पुरे आहेत," ती म्हणाली. "फिटले."