दुसरा गिअर

मंगळवार पेठेतल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात तो आला, की आधी पाय ताणता येतील एवढी खुर्ची मागं सरकवायचा. फरशीवर ओरखडे उठायचे. मला राग यायचा, पण बोललो नाही कधी.

एके काळी मोटारींच्या रॅलीत कंपनीची गाडी तो चालवायचा. मग कंपनीनं ती एका तरण्या ड्रायव्हरला दिली. तेव्हापासून हा दर रॅलीआधी मलकापूरच्या पुढचा घाट पायी उतरायचा आणि कुठलं वळण कुठल्या गिअरमध्ये घ्यायचं, ते त्या तरण्यासाठी माझ्याकडून टाईप करून घ्यायचा. "माझ्या कागदाबिगर त्यो घाटात हलत न्हाय," असं पेठभर सांगायचा.

सांगताना डोळे मिटायचा. डावा हात हवेत गिअर टाकायचा, पाय टेबलाखाली ब्रेक दाबायचा.

"लिवा मास्तर. दगडी पूल, उजवं, चौथा. फणसाचं झाड, डावं, दुसरा."

मी थांबलो. पूर्वी त्याचे स्वतःचे कागदही मीच टाईप केले होते.

"फणसापाशी तुम्ही तिसऱ्यात जायचा. दुसऱ्यात वेळ जाईल की."

"मी जायचो. त्याला दुसराच लिवा."

"का? त्याला झेपायचं नाही?"

त्यानं डोळे उघडले नाहीत. टेबलाखालचा पाय तेवढा थांबला.

"झेपंल की," तो म्हणाला. "म्हणून तर सांगतोय."

मी 'दुसरा' टाईप केलं.