नातीचा गाल आणि माझी कबुली

माझी नात जन्मली ती उजव्या गालावर कोकमाच्या रंगाचा डाग घेऊन. बाळ पाहायला आलेल्या विहीणबाईंसमोर मी सुनेला विचारले, "ग्रहणात विळीवर बसली होतीस का?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो. चेंडू आणि विजेरी घेऊन ग्रहण समजावतो. आमच्या बौद्ध घराने असले विधिनिषेध आजोबांच्या काळातच टाकले होते. तरीही प्रश्न माझ्याच तोंडून निघाला. विहीणबाई चहा न घेता उठल्या. चार वर्षे त्या आमच्याकडे आल्या नाहीत.

यंदा मी, सून आणि नात मांडव्याहून मुंबईला लेझर उपचारासाठी गेलो. नातीचे डोळे झाकले, आम्हाला काळे चष्मे दिले. थंड फवारा, मागोमाग चट्, पुन्हा फवारा. नात रडली, संपल्यावर माझा चष्मा पाहून म्हणाली, "आबा, तुम्ही बेडूक झालात."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्वचेखालच्या रक्तवाहिन्या जन्मतःच रुंद आहेत. आईच्या वागण्याचा काही संबंध नाही. अजून काही वेळा यावं लागेल. जपा, ऊन लागू देऊ नका."

परतीच्या लाँचवर आम्ही छताखाली बसलो. लेझरने गालावर उठलेले जांभळे ठिपके नात प्रत्येक उतारूला मोजायला लावत होती. कुणाचे अकरा भरले, कुणाचे तेरा. तिच्या त्या मिजाशीने माझेही मन हलके झाले होते. त्या भरात मी सुनेला म्हणालो, "माझी चूक झाली."

"काय? इंजिनात काय ऐकू येत न्हाय, बाबा."

मी आवाज चढवला. तिने नकारार्थी मान हलवली. आयुष्यात प्रथमच मी भर लोकांत ओरडलो, "माझी चूक झाली."

समोरचे गृहस्थ म्हणाले, "ताई, करून टाका की माफ."

सून हसली. मग तिने आईला फोन लावला आणि माझ्या कानाशी धरला. "माझं राहू द्या. हिला सांगा."

मी घसा ताणून सगळे सांगितले: प्रश्न, ग्रहण, रक्तवाहिन्या.

"व्याही, ओरडू नका, मी बहिरी न्हाय," विहीणबाई म्हणाल्या. "पोरीला ऊन लागलेलं चालतं का?"

"नाही."

"मग तिला घरातच ठेवा. सकाळी मीच येते."