पावणेपाच तास

गेल्या महिन्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, सकाळी सव्वासातला युनूस आमच्या दारात उभा राहिला. घरात मी आणि माझी पत्नी असे दोघंच होतो. चहाचं आधण ठेवलेलं होतं. "अण्णा, अब्बा गेले. पहाटं." एवढंच म्हणाला आणि उंबऱ्याशी बसला. पत्नीनं आधण उतरवून ठेवलं.

कासीम माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, म्हणजे पन्नास वर्षांचा होता. भूमच्या बाजारपेठेत आमची दुकानं समोरासमोर. त्याचं सुक्या मासळीचं, माझं धान्याचं, मधे अठरा पावलांचा रस्ता. आम्ही लिंगायत. आमच्या घरात मासळीचं नावही घेत नाहीत, आणि लहानपणी त्याच्या दुकानासमोरून जाताना आई नाकाला पदर लावायची आणि आम्हाला नाक दाबायला सांगायची. तरी आमची दोस्ती झाली. कशी झाली ते आता आठवत नाही.

त्याच्या घराण्यात तीन पिढ्या बोंबील विकत होत्या, पण समुद्र कुणी पाहिला नव्हता. माल बार्शीच्या व्यापाऱ्याकडून यायचा. सेहेचाळीस साली कासीमनं ठरवलं की माल थेट कोळ्यांकडून आणायचा. तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमच्याकडे हाली रुपया चालायचा, बार्शीत पाऊल ठेवलं की इंग्रजांचा कलदार. हाली-कलदारचा हिशेब मला तोंडपाठ, म्हणून त्यानं मला बरोबर घेतलं. मी वीस वर्षांचा होतो. घरी मुंबईला धान्याचे भाव बघायला जातो असं सांगितलं. मुंबई ओलांडून आम्ही एका कोळीवाड्यात पोचलो तेव्हा शिमगा होऊन तीन दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे किनाऱ्यावर एका कोळणीची पाटी होती. तिच्यात काचेसारखे, लिबलिबीत, ओठ गुलाबी असलेले मासे पडले होते. कासीमनं विचारलं, "हे कोणते?" ती म्हणाली, "बोंबील." कासीम हसला. "बाई, आम्हाला फसवू नका. बोंबील आम्ही विकतो. तो असा असतो," असं म्हणून त्यानं हाताची काठी करून दाखवली. बाई कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. "अरं बाबा, ह्योच बोंबील. तू इकतोस ते त्याचं मढं." आजूबाजूच्या बायका इतक्या हसल्या की कासीमही हसायला लागला. पण नंतर बराच वेळ तो त्या पाटीपाशी उकिडवा बसून होता...

सौदा आदल्या दिवशीच झाला होता, माल बांधायला संध्याकाळ होणार होती. दिवस मोकळा होता. कोळणीनं त्याला एक गळ, दोरी आणि मूठभर कोळंबी दिली. सकाळी आठला तो किनाऱ्यापासून शंभरेक पावलांवरच्या एका काळ्या खडकावर जाऊन बसला. वाळूतून कोरड्या पायांनी चालत गेला. मला मासा धरायचाही नव्हता आणि बघायचाही नव्हता, म्हणून मी त्याच्या चपला सांभाळत वाळूतच उभा राहिलो. असा निवांत दिवस आम्ही दोघांनी पूर्वी कधी पाहिला नव्हता. तो तिथून ओरडून काहीबाही बोलायचा, मी इथून उत्तर द्यायचो.

अकराच्या सुमारास मी ओरडलो, "कासीम, पाणी जवळ आल्यागत दिसतंय!"

"शिमग्यानंतर पाणी वाढतं व्हय कुठं?" तो ओरडला.

आम्ही दोघंही दुष्काळी मुलखातले. शिमगा झाला की विहीर खाली जाते, तळं आटतं, एवढंच आम्हाला ठाऊक. मलाही त्याचं म्हणणं पटलं. अकरा चाळीसला खडकाच्या चारी बाजूंनी पाणी होतं. आम्हा दोघांनाही पोहता येत नव्हतं. मी पळत कोळणीकडे गेलो. ती म्हणाली, "हलू नको म्हन त्याला. वरचा दगड बुडत न्हाय. पानी आपसूक उतरल."

मी परत येऊन ते ओरडून सांगितलं. त्याला किती ऐकू गेलं कुणास ठाऊक. तो उभा राहिला होता. मला शोधत होता. दिसलो तेव्हा ओरडला, "रामलिंगा, जाऊ नको! मला दिसत राहा!"

मी हललो नाही. वडिलांचं घड्याळ माझ्या खिशात होतं. दोनच्या सुमारास पाणी त्याच्या पायांच्या चार बोटं खाली आलं असेल. त्यानंतर ते थांबलं. मग कासीम खाली बसला आणि पुन्हा गळ टाकू लागला. मासा लागला की हात उंच करून मला दाखवायचा, मी बोटांवर मोजायचो. सात झाले. चार पंचवीसला तो गुडघाभर पाण्यातून चालत आला. पावणेपाच तास. माझी मान आणि कान भाजले होते. चपला घालता घालता तो म्हणाला, "तू दिसेनासा झाला असतास, तर मी पाण्यात उडी टाकली असती."

तो गळ त्यानं दुकानात, तराजूच्या वर, खिळ्याला अडकवला. नव्या गिऱ्हाइकानं विचारलं की सगळी गोष्ट सांगायचा आणि शेवटी माझ्याकडे बोट करायचा. "तो बघा, तो माणूस. पावणेपाच तास उन्हात उभा होता."

पुढं रझाकारांचे दिवस आले. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात कासीम रोज संध्याकाळी आमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा. कशाला बसतोस, असं मी विचारलं. म्हणाला, "मी दिसतो ना लोकांना? मग झालं." आमच्या दुकानाला कुणी हात लावला नाही.

सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली. गावातल्या मुसलमान पुरुषांना गोदामाच्या आवारात बसवून ठेवलं. ज्याच्यासाठी कुणी येऊन उभं राहील त्याला सोडतात, असं गावात बोललं जात होतं. कासीमचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी गेलो. तेलघाण्याच्या भिंतीपर्यंत गेलो. तिथून फाटक दिसत होतं. फाटकापाशी कासीम बसला होता, रस्त्याकडे बघत. फाटकासमोर जमाव होता, त्यात आमच्या ओळखीचे लोक होते. मी भिंतीमागं सरलो. किती वेळ तिथं होतो ते मला सांगता येत नाही. घड्याळ खिशात होतं, पण मी पाहिलं नाही. मग घरी आलो.

कासीम एकोणचाळीस दिवसांनी आला. डावा पाय ओढत होता. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, आणि आठवड्याच्या आत एका गिऱ्हाइकाला ती गोष्ट सांगून माझ्याकडे बोट केलं. "पावणेपाच तास उन्हात उभा होता." मी काहीतरी काम काढून आत गेलो. त्यानंतर चोवीस वर्षं तो ती गोष्ट सांगत राहिला, आणि दर वेळी मी आत जात राहिलो. तो मला टोचत होता की सांभाळून घेत होता, हे मला कधी ठरवता आलं नाही.

जाण्याआधी चार दिवस मी त्याच्या खाटेपाशी बसलो होतो. डोळे मिटूनच त्यानं विचारलं, "रामलिंगा, तेलघाण्याच्या भिंतीमागं किती वेळ होतास रे?"

मी म्हणालो, "असेन... पाच मिनिटं."

"न्हाय. लई वेळ होतास. ऊन कलतं होतं. तुझी सावली भिंतीच्या भाईर पडली होती. मी तीच बघत बसलो." मग म्हणाला, "ती गेली, तवा कळलं."

पुढं तो त्याविषयी बोलला नाही. युनूसच्या लग्नाचं बोलला.

युनूसनं दुकान उघडलं आहे. गळ जागेवर आहे, गंजून दोरीला तांबडा डाग पडला आहे. परवाच्या बाजारी एका गिऱ्हाइकानं गळाकडे बोट करून विचारलं. युनूसनं हातातला तराजू खाली ठेवला आणि बापाच्याच शब्दांत गोष्ट सांगायला लागला. मी माझ्या दुकानाच्या छपराखालून उठून रस्त्यावर, उन्हात आलो. तो शेवटाला पोचला, मला शोधू लागला, मी दिसल्यावर बोट केलं. "ते बघा, ते अण्णा..."

मी आत गेलो नाही.