आई तवा काय म्हनली

माझी पोरगी नगरला कॉलेजात शिकवती अन् वर आनखी सोता बी शिकती. काय शिकती, ते मला धड सांगता येत न्हाई. फ्रान्स नावाच्या देशातल्या बायांनी आपापली जिंदगी पुस्तकात लिवून ठिवली हाय, ती पुस्तकं ही बाईच्या बाजूनं वाचती. एकदा पारावर म्या तसं सांगितलं, तवापासून समदे मला फ्रान्सचा सरपंच म्हनत्यात. सही करायला अंगठा लागतो असा सरपंच.

पोरीनं मला समजावलं हुतं. "आबा, त्या पुस्तकांवर आधी पुरुषांनीच लिहिलं. बाईचा नवरा कोण, बाप कोण, घरी कोण मोठी माणसं यायची, हेच धुंडाळत बसले. बाईला स्वतःला काय वाटत होतं, ते राहूनच गेलं. मी बघते, ती कुठं बोलते आणि कुठं गप्प बसते."

"गप बसल्यालं कसं वाचायचं?"

"तेच तर जमेना."

ह्या उन्हाळ्यात ती जामखेडला उतरून घरी आली, ती माझं बोलनं भरून घ्यायला मोबाईल पुढं करूनच. तिची आई जाऊन आता दुसरं वरीस लागलंय. पोरीला तिच्या लिखानाच्या सुरवातीला आईचं एक वाक्य टाकायचं हुतं. आईच्या तोंडचं, जसंच्या तसं.

"परदेशातल्या बायांवर एवढी पानं लिहिली मी, आणि माझ्या आईचं माझ्याकडं काहीच नाही," ती म्हनली. "मी वसतिगृहात, तुम्ही दोघं उसाच्या फडावर. सुट्टीत भेटली की जेव म्हणायची, अभ्यास कर म्हणायची. स्वतःचं काही बोललेली आठवत नाही. तुम्हालाच माहीत असणार."

म्हनलं, एकच वाक्य? पोतंभर देतो. बोलन्यात आपल्याला कोन हारवतंय. फडावर कामं उरकली की मानसं माझ्याभोवतीच बसायची.

पयली गोष्ट काढली कालव्याची. आमी देवळाली प्रवरेकडं ऊस तोडायला गेल्तो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादम तसंच धरतो. आमच्या कोयत्यात पातं ती अन् गंज मी. उसाची गाडी कारखान्याला चालल्ती, मी बैलांना गानं म्हनत हुतो. बैलांना न्हाई, मलाच झोप लागली. गाडी कालव्याच्या चारीत कलांडली, मी गळ्यापत्तोर चिखलात, अन् बैल वरून बघत्यात, ह्यो कोन नवा बैल आलाय.

"आई कुठं होती?" पोरगी म्हनली.

"गाडीवर. मोळ्यांवर बसल्याली."

"मग ती पण पडली असेल ना."

पडलीच आसंल की. इतकी वर्सं त्या चिखलातून मी एकटाच निघत हुतो.

"काय म्हणाली तेव्हा?"

"हसली."

राहात्याच्या बाजारात म्हशीनं मला कलिंगडाच्या ढिगात ढकलल्याली ती सांगितली. आई काय म्हनली? हसली.

मंग म्या माझी हुकमी गोष्ट काढली, दवाखान्याची. तवा पोरगी साळंत हुती. तिच्या आईची पिशवी काढायचं ठरलं. फडावरच्या लई बायांनी काढल्याली. पाळीत पोट दुखायचं, कामाला खाडा पडायचा. डाक्टर म्हनला काढून टाका, मुकादम म्हनला मोकळी हुईल, म्या म्हनलं बरं. दवाखान्यात नर्सनं सुई काढली तिच्यासाठी, अन् चक्कर आली मला. फरशीवर आडवा. लोकांनी उचलून तिच्याच खाटंवर टाकला. डाक्टर आला, म्हनला, पेशंट कोन? नर्स म्हनली, पेशंट ती उभी हाय, मालकांना वारा घालती. ह्यावर फडावरची मानसं लोळायची.

पोरगी हसली न्हाई.

"तुम्ही पडायच्या आधी काय झालं?"

"आधी?"

"आईनं सुई बघितली. मग?"

"मंग ती माझ्याकडं वळली. तोंड उघडलं तिनं, काईतरी बोलनार हुती. म्होरलं मला ठावं न्हाई, मी पडलो."

"शुद्धीवर आल्यावर?"

"आल्यावर त्यांनी मला सरबत पाजलं."

"आबा, आईला काय केलं?"

"तिला तवर आत नेल्तं."

पोरीचं तोंड उतरलं. ते मला बघवंना. म्हनलं, "तिला म्हनायचं आसंल, पोरीला शिकवा."

"म्हणाली, की म्हणायचं असेल?"

"आसंल."

"हे तुमचं वाक्य आहे. आईचं बनवू नका माझ्यासाठी."

मोबाईल आमच्या मधी तसाच चालू. कोनी बोलत न्हवतं अन् तो ते बी भरून घेत हुता.

थोड्या येळानं ती म्हनली, "घरी आणल्यावर तरी विचारलं का? काय बोलणार होतीस म्हणून?"

म्या आठवलं. घर कसलं, फडावरची पाचटाची कोपी. ती गोधडीवर निजल्याली. शेजारच्या कोप्यांतली मानसं बघायला आल्ती.

"न्हाई इचारलं. मानसं आल्ती ना. त्यांना मी पडल्याची गोष्ट सांगत हुतो."

"तिच्यासमोर?"

"उशाशीच बसून. पयल्यांदाच सांगत हुतो, लई रंगली. मानसं हसून डोळे पुसत हुती. अन् तिनं माझा हात धरला, म्हनली…"

तितं मी थांबलो. पोरीला पायजे ते माझ्यापाशी हुतं. आजपत्तोर मी ते शाबासकी म्हनून जपलं हुतं.

"काय म्हणाली?"

"हसवू नका वो, टाके वढत्यात."

पोरगी मोबाईलकडं बघत बसली. मंग हळूच म्हनली, "थांबलात का तुम्ही?"

"न्हाई," म्या म्हनलं. "गोष्टीत डाक्टर यायचा राह्यल्ता."