कुटार अडकलं होतं

मामा माझ्या गाडीत गेला.
काल दुपारी, भंडारा यायच्या आधी.

कोंढ्याहून मामीचा फोन आला होता. "त्यायले लय दम लागून राह्यला. लवकर ये वो."
अ‍ॅम्ब्युलन्स दुसरीकडे गेलेली. मग मीच माझी जुनी गाडी काढली. मागच्या सीटवर मामीच्या खांद्यावर डोकं टेकून मामा.

रस्त्यावर जागोजागी कापलेली लाखोरी पसरलेली होती. वरून गाड्या गेल्या की शेंगा फुटतात, मळणीचं काम आयतं होतं.
मामाने आयुष्यभर काळी-पिवळी चालवली. पसरलेलं पीक टाळून तो कधी गेला नाही.
मी गाडी बाजूने काढायला लागले, तर मागून आवाज आला.
"वरूनच घे बाई. त्यायचं काम होते."
घेतली. पुढचीही घेतली. त्याच्या पुढचीही.

अड्याळ मागे पडलं आणि टेम्परेचरचा काटा लालवर गेला. बोनेटमधून वाफ.

मी उतरून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच मामा ओरडला. म्हणजे त्याच्याने जमेल तेवढं.
"झाकन नोको खोलू! भाजशीन. फॅन फिरते का पाय."
"फिरतोय."
"पानी गळून राह्यलं का कुठं?"
"नाही."
"मंग हवाच जाऊन नाही राह्यली. गाडी बंद कर. समोरची जाळी पाय."

जाळीत लाखोरीचं कुटार गच्च बसलं होतं. मघाशी हवेत उडालेला सगळा भुसा फॅनने आत ओढून घेतला होता.
मामीने पर्समधला कंगवा दिला. मी खरवडत राहिले. बोटं भाजत होती. मागून मामाचा श्वास ऐकू येत होता.
"जोरात नोको घासू, पत्र्या वाकतीन."
"तुमी चूप बसा ना जी!" मामी रडत म्हणाली.
"मी चूप बसलो तं गाडी कोन चालू करन? तू?"

इंजिन निवेपर्यंत थांबावंच लागलं. तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता. ते तिघांनाही माहीत होतं.

मग गाडी निघाली. एसी बंद, काचा खाली, काटा मध्यावर. मामी मागे सारखी बोलत होती. "आलंच जी भंडारा. ते पाहा, घरं दिसून राह्यली."
मला धीर वाटत होता.

हॉस्पिटलच्या दारात डॉक्टरांनी मामाच्या मनगटाला हात लावला आणि लगेच काढला.

आज सकाळी मामीला विचारलं, "तुला गाडीत कळलं नव्हतं?"
"कळलं होतं ना. गाडी सुरू झाली अन् थोड्याच वेळात."
"मग तू बोलत कोणाशी होतीस?"
"तुयासाठी बोलत होती, माय. गाडी तू चालवून राह्यली होती."

जा मामा, सावकाश जा.
मामीजवळ मी आहे.